डॉसचे गेम आहेत तसेच चालवावेत की नव्या इंजिनात बसवावेत?

चारबिट (धागाकर्ता)

जुना डॉस गेम (डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालणारी सिस्टिम) ६४-बिट विंडोजवर उघडायला गेलं की तो उघडतच नाही, पडद्यावर नुसता नकार येतो. याचं मूळ प्रोसेसरमध्ये आहे. ३८६ या प्रोसेसरपासून इंटेलच्या चिपमध्ये 'व्हर्च्युअल ८०८६' नावाची सोय होती. तिच्या आधारे विंडोज डॉस प्रोग्रॅमला आपण जुन्याच मशीनवर आहोत असं भासवायचं. प्रोसेसर ६४-बिट मोडमध्ये गेला की ही सोय मिळत नाही, म्हणून ६४-बिट विंडोजमधून डॉसचा आधारच गेला. ३२-बिट विंडोज १० पर्यंत तो होता. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही, म्हणजे तोही रस्ता बंद.

आता मुख्य मार्ग दोन. एक, डॉसबॉक्ससारखा इम्युलेटर. तो २००२ पासून आहे आणि प्रोसेसर, व्हीजीए हे चित्राचं कार्ड, साउंड ब्लास्टर हे आवाजाचं कार्ड असं अख्खं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. गेमची मूळ फाइल जशीच्या तशी चालते. दुसरा मार्ग म्हणजे गेमचं इंजिन, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, नव्या सिस्टिमसाठी पुन्हा बांधायचं आणि जुन्या चित्रांच्या, आवाजाच्या, लेव्हलच्या फाइली त्याला पुरवायच्या. राक्षसांवर गोळ्या झाडायच्या 'डूम' या गेमचा सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, तेव्हापासून त्याची अशी कितीतरी इंजिनं आली.

माझं मत: इम्युलेटरमध्येच खेळावं. डूमच्या लेव्हल आखल्या गेल्या तेव्हा खेळाडूला मान वर करता येत नव्हती, उडीही मारता येत नव्हती. कट्ट्यावर ठेवलेली वस्तू दिसायची, पण तिथे जायचा आडवळणाचा रस्ता शोधावा लागायचा. समोरचा राक्षस उंचावर असला तर बंदूक आपोआप त्याच्या उंचीचा नेम धरायची. काही नव्या इंजिनांत माउसने वर-खाली बघता येतं आणि उडीही मारता येते. मग तो आडरस्ता शोधायचं कारणच उरत नाही. लेव्हल तीच राहते, पण तिच्यातलं कोडं गेलेलं असतं.

चित्राचंही तसंच. ३२० बाय २०० चं चित्र ४:३ च्या मॉनिटरभर ताणून दिसायचं, म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीपेक्षा वीस टक्के उंच. चित्रकारांनी ते पडद्यावर तसंच बघून रंगवलं. आज तेच चौकोनी पिक्सेलमध्ये दाखवलं की चेहरे चपटे होतात आणि वर्तुळं आडवी पडतात. या गोष्टी बारीक वाटतील, पण गेम याच गोष्टींचा बनलेला असतो.

नभकिरण

चारबिट, अजिबात पटलं नाही. तुम्ही सांगता ते सगळं नव्या इंजिनात मेन्यूतून बंद करता येतं. उडी नको, मारू नका. वर-खाली बघायचं नाही, तर ती सोय बंद करा. डूमचं आतलं घड्याळ सेकंदाला ३५ टिकांचं आहे आणि चांगली इंजिनं ते तसंच ठेवतात. मधल्या फ्रेम फक्त डोळ्यांसाठी भरतात. नियम बदलत नाहीत.

आणि ज्याने डॉस कधी पाहिलंच नाही त्याला काळ्या पडद्यावर गेमचं फोल्डर जोडणारी माउंटची कमांड टाइप करायला लावायची? मग आवाजाचा पोर्ट, मग वेगाचे सायकल्स, मग माउस अडकला तर तो सोडवायचा. एवढं करून दाणेदार चित्र आणि बाणांच्या बटणांवर चालणारा खेळाडू. तो दहा मिनिटांत उठून जाईल. कोणीच खेळत नसेल तर गेम नुसता काचेच्या कपाटात ठेवल्यासारखा आहे. मला तो खेळला गेलेला हवा.

तळटीप

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की डॉसबॉक्स म्हणजे 'जसंच्या तसं'. तसं नाही. डॉसबॉक्समधले सायकल्स म्हणजे एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या तो आकडा. खऱ्या ४८६ वर बेरजेला लागणारा वेळ वेगळा आणि भागाकाराला लागणारा वेगळा. डॉसबॉक्स ढोबळमानाने सगळ्यांना एकच माप लावतो. काटेकोर वेळ हवा असेल तर ८६बॉक्स हा दुसरा इम्युलेटर बघा. त्यात ठरावीक मदरबोर्ड, ठरावीक चिप, ठरावीक ग्राफिक्स कार्ड निवडता येतं. त्याला आजचाही दमदार प्रोसेसर लागतो.

वेगाच्या बाबतीत मात्र इम्युलेटरच कामाला येतो. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले कितीतरी छोटे गेम विंडोजमुळे नाही, नुसत्या वेगामुळे मेले. त्यातला सीआरटी नावाचा तयार कोडचा भाग (युनिट) प्रोग्रॅम सुरू होताच घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामी फेरी किती वेळा फिरते ते मोजायचा आणि त्याला ५५ ने भागायचा. त्यावरून एक मिलिसेकंद थांबायला किती फेऱ्या लागतील ते ठरायचं. उत्तर १६ बिटांत मावणं गरजेचं होतं. प्रोसेसर साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढे गेले आणि उत्तर मावेनासं झालं. पहिलं चित्र दिसायच्या आधीच 'रनटाइम एरर २००' येऊन सगळं बंद. संदेश शून्याने भागल्याचा, आणि शून्याचा तर कुठे संबंधच नाही! डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी केले की तोच गेम निमूट सुरू होतो.

कोरीपाटी

चर्चा छान चालली आहे, पण माझा प्रश्न साधा आहे. डॉसबॉक्समध्ये एक जुना गेम चालू केला तर पात्रं इतकी सुसाट पळतात की खेळताच येत नाही. दुसऱ्या एका गेममध्ये आवाजच नाही. काय करू?

तळटीप

पळणाऱ्या गेमसाठी कंट्रोल धरून एफ११ दाबत राहा, वेग उतरतो. एफ१२ ने चढतो. खिडकीच्या पट्टीवर आकडा दिसतो. ऑटोवर ठेवलं तर डॉसबॉक्स साध्या गेमला ३००० सायकल्स देतो, पण एक्सटी या सुरुवातीच्या पीसीच्या काळातल्या गेमला तीनशेच्या आसपासच लागतात. बरोबर वेग सापडला की तो आकडा कन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये लिहून ठेवा. आवाजासाठी गेमच्या फोल्डरमधला सेटअप चालवा, साउंड ब्लास्टर निवडा आणि पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ द्या. 'ऑटोडिटेक्ट'वर विसंबू नका. माउस अडकला तर कंट्रोल आणि एफ१०.

जुनीबोर्ड

फ्रीडॉस, म्हणजे डॉसची खुली आवृत्ती, कोणाला आठवत नाही का? १९९४ पासून ते चालू आहे आणि १.३ आवृत्ती २०२२ मध्ये आली. पेन ड्राइव्हवरून थेट सुरू करा, मध्ये विंडोजही नको आणि इम्युलेटरही नको. खऱ्या प्रोसेसरवर खरं डॉस.

तळटीप

जुन्या मशीनवर उत्तम. नव्यावर दोन अडचणी आहेत. फ्रीडॉसला सुरू व्हायला मशीन चालू करणारा जुना बायॉस लागतो आणि बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर आता त्याच्या जागी आलेलं यूईएफआयच फक्त असतं. सुरू झालंच तरी २२० या पत्त्यावर ऐकणारं साउंड ब्लास्टर तिथे नसतं. एसबीईएमयू नावाचा प्रोग्रॅम नव्या ऑडिओ चिपवर त्याची नक्कल उभी करतो, काही चिपवर चालतो, काहींवर नाही. म्हणजे तिथेही शेवटी नक्कल आलीच.

पायवाट

मला वाटतं गेमचा प्रकार बघून ठरवावं. माउसने क्लिक करत कोडी सोडवायच्या साहसी गेमसाठी मी डोळे झाकून स्कमव्हीएम सुचवेन. २००१ पासूनचा प्रकल्प आहे, मूळ फाइली वाचतो आणि इंजिन स्वतःचं वापरतो. तिथे पात्र एका फ्रेमने आधी वळलं म्हणून काही बिघडत नाही. आणि रोलँड एमटी-३२ या त्या काळच्या संगीतयंत्राची नक्कलही त्यातच मिळते; त्यासाठीचं संगीत एकदा नीट ऐकलं की साउंड कार्डच्या साध्या एफएम आवाजाकडे परत जाववत नाही. मात्र जिथे उडीची वेळ हाच खेळ आहे, तिथे मी चारबिट यांच्या बाजूने. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गेममधल्या हालचाली तो बनवणाऱ्या जॉर्डन मेक्नरने आपल्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित करून त्यावरून उतरवल्या. तिथे कळ दाबली की पाऊल पूर्ण होईपर्यंत मागे फिरता येत नाही. त्या अडखळण्याला धक्का लागता कामा नये.

नभकिरण

इम्युलेटर अमर आहे असा इथे समज दिसतो. २०१९ मध्ये ॲपलच्या मॅकओएस कॅटलिनाने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणं बंद केलं. ज्या विकतच्या गेमांसोबत ३२-बिट डॉसबॉक्स जोडून दिला होता ते सगळे एका अपडेटमध्ये बसले. डॉस मेलं म्हणून इम्युलेटर आणला, आणि मग इम्युलेटरच मेला.

चारबिट

मेला नाही. डॉसबॉक्सचा सोर्स खुला आहे. ६४-बिटसाठी बांधलेली प्रत टाकली की त्याच मूळ फाइली पुन्हा चालतात. एक इम्युलेटर दुरुस्त झाला की हजारो गेम एकदम परत येतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत दोन हजारांहून जास्त डॉस गेम ब्राउझरमध्ये खेळायला ठेवले, तेही डॉसबॉक्सच्याच जोरावर. इंजिन मात्र गेमगणिक वेगळं लिहावं लागतं.

आणि 'नियम बदलत नाहीत' म्हणता, तर डूमची रेकॉर्डिंग घ्या. ती व्हिडिओ नसते. त्या फाइलीत खेळाडूने काय दाबलं तेवढंच असतं: सेकंदाला ३५ नोंदी, प्रत्येक नोंद चार बाइटची. परत दाखवताना गेम त्याच कळांवर सगळा डाव नव्याने खेळतो. गोळी किती लागली, राक्षस कुठे वळला हे ठरवणारा २५६ आकड्यांचा तक्ता ठरलेला आहे, म्हणून निकाल तोच येतो. इंजिनमध्ये एवढासा फरक झाला की रेकॉर्डिंग भरकटतं. खेळाडू भिंतीला धडका देत राहतो, रिकाम्या कोपऱ्यात गोळ्या झाडतो. मूळ गेममध्ये तोच डाव सुरळीत पार पडतो.

नभकिरण

हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं. चॉकलेट डूम बघा. इम्युलेटर नाही, खुल्या झालेल्या सोर्सवरून नव्या सिस्टिमसाठी बांधलेलं इंजिन आहे. मूळ गेममधल्या चुकाही त्यांनी मुद्दाम जपल्यात, आणि जुनी रेकॉर्डिंग त्यात न भरकटता चालतात. 'इंजिन बदललं की गेम बदलला' हे इथेच संपतं.

चारबिट

चॉकलेट डूमबद्दल मला आदरच आहे. पण ते शक्य झालं ते सोर्स हातात होता म्हणून. बहुतेक डॉस गेमांचा सोर्स कधीच बाहेर आला नाही. त्यांचं इंजिन पुन्हा लिहायचं तर मूळ प्रोग्रॅम उलगडत बसावं लागतं, आणि आपण लिहिलेलं बरोबर आहे का हे ताडायला समोर मूळ गेम चालताच हवा. तो आज इम्युलेटरमध्येच चालतो. म्हणून आधी तो, मग बाकीचं.

पायवाट

त्यात भर: मूळ फाइली सांभाळा. विकतच्या गेमचं फोल्डर उघडलं तर आत बऱ्याचदा डॉसच्या फाइली आणि शेजारी डॉसबॉक्सची कन्फिग असं सरळ दिसतं. ते फोल्डर वेगळं कॉपी करून ठेवा. सीडीवरचं संगीत असेल तर त्या सीडीची इमेज फाइलही (अख्ख्या सीडीची प्रत) घ्या. स्कमव्हीएम असो की डूमचं कुठलंही इंजिन, त्यांना याच फाइली लागतात.

नभकिरण

याला मात्र पूर्ण अनुमोदन. विकणाऱ्यांनी मूळ फाइली न बदलता द्याव्यात आणि कन्फिग कोणालाही वाचता येईल अशी ठेवावी, एवढी मागणी आपण सगळे मिळून करू शकतो. बाकी पहिल्यांदा डूम खेळणाऱ्याला मी अजूनही रुंद पडदा आणि माउस असलेलं इंजिनच देणार. आवडला तर तो स्वतःहून ३२० बाय २०० कडे येईल.

चारबिट

मी उलट क्रमाने देईन. पहिल्यांदा बघताना जे दिसतं तेच मनात बसतं. आधी मूळ गेम, त्याच्या वेगात आणि ४:३ मध्ये, कन्फिग आपण लावून दिलेली. माउंट टाइप करायची वेळ त्याच्यावर येऊच नये, ते काम आपलं.