मुलीसाठी अल्टो सॅक्सोफोन: प्लास्टिकचा घ्यावा की पितळी?

रत्नागिरीकर_आई

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. शाळेच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवते आणि आता तिला अल्टो सॅक्सोफोन, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्स, शिकायचाय. सरांनी शाळेतला पितळी सॅक्स काही दिवस घरी न्यायला दिला होता. वाजवते मनापासून, पण अर्ध्या तासात मान धरते. अंगाने बारीक आहे ती. सॅक्स अडीच किलोच्या आसपास, आणि सगळा भार मानेतल्या पट्ट्यावर.

एका ओळखीच्यांनी पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकचा, सॅक्स सुचवला. वजन किलोच्याही आत. दुसरीकडे पुण्यात एक जुना पितळी अल्टो मिळतोय, विद्यार्थ्यांसाठीचं मॉडेल. पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या चाव्यांखालच्या चामड्याच्या गाद्या, बदलावे लागतील, हे विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलं. पॅडचा खर्च धरला तर दोन्हींची किंमत सारखीच पडते. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्यामुळे चामड्याच्या पॅडची धास्ती वाटते. प्लास्टिकचा आवाज खेळण्यासारखा येतो का? कुणी खरंच वापरलाय का?

मंद्रसप्तक

प्लास्टिक घेऊ नका. पितळेचा नाद पितळेलाच. दमट हवेचं म्हणाल तर कद्री गोपालनाथ मंगळूरचे, समुद्राकाठचे. त्यांनी आयुष्यभर पितळी सॅक्सवर कर्नाटक संगीत वाजवलं, १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स संगीत महोत्सवातही वाजवलं. हवेचं कारण देऊन चांगलं वाद्य सोडू नये.

बाक_आणि_लाख

ताई, मी कोल्हापुरात वाद्यं दुरुस्त करतो. वडील बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नसराई संपली की आसपासच्या बँडवाल्यांचे सॅक्स माझ्या बाकावर येतात, ते गणपतीपर्यंत तयार करून द्यायचे असतात. प्लास्टिकचेही आता अधूनमधून येऊ लागलेत. त्यामुळे दोन्ही उघडून पाहिलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नादाचं. घंटा वाजते तेव्हा धातूच कंप पावतो. सॅक्समध्ये वाजते ती आतली हवा. रीड, म्हणजे फुंकायच्या तोंडाला (माऊथपीसला) लावलेली पातळ पट्टी, थरथरते, तिच्यामुळे नळीतली हवा डोलते आणि आपल्याला सूर ऐकू येतो. नळीची भिंत त्या मानाने जवळजवळ स्थिरच असते. म्हणून तर अख्खा पितळेचा असूनही सॅक्सची गणती क्लॅरोनेट-ओबोसारख्या लाकडी सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांत होते. अॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलं त्यातली खरी गोष्ट म्हणजे माऊथपीसपासून भोंग्याकडे रुंदावत जाणारी नळी. त्या नळीचा उतार, भोकांच्या जागा, माऊथपीस आणि रीड यांवर आवाज ठरतो.

माझ्याकडे कुणी हा वाद घेऊन आलं की मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवतो आणि एकच माऊथपीस, एकच रीड आलटून पालटून दोन्ही सॅक्सना लावून वाजवतो. मधल्या सप्तकात भल्याभल्यांना कुठला कुठला ते सांगता येत नाही. खालच्या सुरांत मात्र फरक कळतो, आणि त्याचं कारण पुढे सांगतो. वाजवणाऱ्याच्या हाताला दोन्ही निराळे लागतात हे खरं आहे. त्याच्या बोटांना वाद्याची थरथर जाणवते, समोरच्याला ती ऐकू येत नाही.

आणि प्लास्टिक म्हणजे खेळणं, असं तर मुळीच नाही. लंडनमध्ये १९५०च्या सुमारास ग्राफ्टन नावाचा अॅक्रिलिक प्लास्टिकचा अल्टो निघाला. हेक्टर सोमारुगा यांनी तो बनवला, पितळीपेक्षा बराच स्वस्त होता. अंग हस्तिदंती रंगाचं, चाव्या आणि मान (माऊथपीसकडची वाकडी नळी) धातूची. १५ मे १९५३ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये नामवंत जाझ सॅक्सवादक चार्ली पार्कर यांनी तोच वाजवला, शेजारी ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी. आजही जाझवाले त्या मैफलीचं रेकॉर्डिंग कौतुकाने ऐकतात. दुसरे जाझ सॅक्सवादक ऑर्नेट कोलमन यांनी पैसे कमी म्हणून ग्राफ्टन घेतला आणि त्यावरच नाव कमावलं. पार्कर यांचा तो सॅक्स १९९४ साली लंडनच्या लिलावात ९३,५०० पौंडांना गेला.

मग ग्राफ्टन बंद का पडला? आवाजात कमी होता म्हणून नव्हे. अॅक्रिलिक ठिसूळ, पडला की तडा. स्प्रिंगांची रचना इतर सॅक्सपेक्षा वेगळी, त्यामुळे दुरुस्ती करणारे हात लावायला कचरायचे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्पादन थांबलं आणि सुटे भाग मिळणंही थांबलं. माझ्या लेखी तुमच्या प्रश्नाची मेख इथे आहे.

पितळी सॅक्स पडला, पोचा आला, तर आतून पोलादी गोळा फिरवून मी तो काढतो. चावी वाकली तर हाताने सरळ करतो. खांब निखळला तर डाख देतो. पॅड गळायला लागला तर चावीची वाटी स्पिरिटच्या दिव्यावर गरम करतो, आतली लाख मऊ होते, पॅड केसभर हलवून पुन्हा बसवतो. ही सगळी कामं उष्णतेवर आणि धातू वाकण्यावर चालतात. प्लास्टिकला आच लावता येत नाही, आणि वाकवायला गेलं तर ते परत जागेवर येतं किंवा तुटतं. मूळ कंपनीकडून भाग मागवायचा, एवढंच हातात राहतं.

आता खालचे सूर. खर्जातला सूर काढायचा तर जवळजवळ सगळी भोकं बंद लागतात. वर कुठे एक पॅड केसभर उघडा राहिला तरी खालचा सूर फाटतो. मी पाहिलेल्या प्लास्टिकच्या सॅक्सवर लांब चाव्या दाबल्यावर किंचित लवतात. पॅड बसतो, पण बोट जोरात दाबलं तरच. मोठा माणूस ते सांभाळून घेतो. शिकाऊ मुलीला मात्र बोटं आवळून वाजवायची सवय लागते, आणि ती पुढे द्रुत वाजवताना नडते. मला प्लास्टिकबद्दल सगळ्यात जास्त हीच गोष्ट खटकते.

तुमच्या जागी मी असतो तर पुण्याचा पितळी घेतला असता, सगळे पॅड नवे करून. मानेसाठी दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस मिळतो. मानेवरचा भार खांद्यांवर आणि पाठीवर जातो. मुलांसाठी मी तोच सुचवतो.

रत्नागिरीकर_आई

काका, इतकं कुणीच समजावून सांगितलं नव्हतं. हार्नेसचं माहीतच नव्हतं. एक विचारते, दुकानदार व्हेनोवा नावाचं सॅक्ससारखं वाद्यही दाखवत होता, अगदी हलका आहे. तो चालेल का?

मडगावचा_टेनर

ताई, व्हेनोवा यामाहाने २०१७ साली काढला. एबीएस प्लास्टिकचा आहे, छान आहे, पण ते वाद्यच वेगळं. बोटं रेकॉर्डर नावाच्या बासरीसारखी पडतात आणि छोट्या व्हेनोवाचा सा पेटीच्या पांढरी एकवर येतो. अल्टो सॅक्सचा सा काळी दोनवर. बँडमध्ये अल्टोचा कागद समोर ठेवून तो वाजवता येणार नाही.

काकांच्या बाकीच्या म्हणण्यावर थोडं. मी गोव्यात लग्नात आणि चर्चच्या फेस्तांना वाजवतो. माझा टेनर (अल्टोपेक्षा मोठा सॅक्स) पितळी आहे, पण उघड्यावरच्या कार्यक्रमांना थायलंडमध्ये बनणारा पॉलिकार्बोनेटचा अल्टो, वायब्राटो, नेतो. त्याचे पॅड सिलिकॉनचे. पावसात भिजला तर पुसायचा आणि वाजवायचा. पितळी सॅक्सचा जी शार्प या सुराचा पॅड जुलैत इतका चिकटतो की पहिल्या गाण्याआधी चावी हाताने उचलून पाहावी लागते. प्लास्टिकवर तो त्रास मला नाही. खालच्या सुरांबद्दल काका म्हणतात ते खरं, सगळ्यात खालच्या सुराला, बी फ्लॅटला, जोर लागतो. पण तुमच्या मुलीची मान दुखते म्हणून ती सराव टाळू लागली, तर चावी लवते की नाही याला अर्थ उरत नाही. हार्नेस लावून शाळेचा सॅक्स आणखी महिनाभर वाजवू द्या. तरीही मान दुखली तर खुशाल हलका घ्या.

बाक_आणि_लाख

मडगावकरांचं म्हणणं मान्य. महिनाभर थांबण्याचा सल्ला माझ्यापेक्षा बरा आहे. सिलिकॉन पॅडबद्दलही त्यांचा अनुभव मोठा.

पावसाळ्यातल्या पितळी सॅक्सचं सांगतो. वाजवून झाल्यावर आतून कापड ओढून घ्या, दोनदा. चिकटणाऱ्या पॅडखाली पातळ टिश्यू ठेवून चावी हलकेच दाबा, ओल टिपली जाते. टिश्यू दाबून धरून ओढू नका, पॅडची कातडी सोलते. सॅक्स ठेवायची पेटी बंद करण्याआधी तो जरा वाऱ्यावर राहू द्या, नाहीतर बुरशी पेटीच्या अस्तरातच धरते.

पुण्याला बघायला गेलात तर पॅडकडे पाहू नका, ते तसेही बदलायचे आहेत. नळी बघा. मान जिथे अंगात बसते तो सांधा डुलतो का, आणि दोन खांबांमधल्या दांड्या हाताने हलवल्या तर मागेपुढे खेळतात का, एवढं तपासा. दांड्या खेळत असतील तर नवे पॅडही नीट बसणार नाहीत आणि खर्च दुप्पट होईल. मुलीला सोबत न्या, तिच्या करंगळ्या खालच्या चाव्यांपर्यंत आरामात पोचतात का ते तिथेच कळेल. प्लास्टिकचा घेतलात तरी दुकानात खालचा बी फ्लॅट तिच्याकडून हळू आवाजात वाजवून घ्या. बोट न आवळता तो लागला तर घ्यायला हरकत नाही.