बंड की उठाव?

रानवाट: कोल्हापूरकडच्या सामानगडच्या १८४४ च्या हकिगतीचा मराठी अनुवाद करतोय. गडकरी म्हणजे गडाची पिढीजात राखण करणारे. मी सगळीकडे 'गडकऱ्यांचं बंड' लिहिलं, संपादकांनी एकूण एक ठिकाणी 'उठाव' केलं. बंड हा राज्यकर्त्यांचा शब्द, असं त्यांचं म्हणणं. ठीक, पण 'बंडवाले गडावर जमले' याचं काय करू? 'उठाववाले'?

शाईपेन: संपादकांचं बरोबर आहे. पिढीजात जमिनींचा कारभार मामलेदाराकडे गेला म्हणून गडकरी उठले. हक्कासाठी उठलेल्याला बंडखोर म्हणणं म्हणजे कंपनीच्या दप्तराची री ओढणं.

पुरंदरकर: राज्यकर्त्यांचा शब्द कसा? आमची आजी 'नाइकांचं बंड' असंच म्हणायची, आणि उमाजींचं नाव घेताना डोईवरचा पदर सारखा करायची. १८३१ च्या जाहीरनाम्यात इंग्रजांची चाकरी सोडा, सारा भरू नका असं सांगणारा माणूस. पुढच्याच वर्षी पुण्यात फाशी गेला. तिच्या तोंडी बंड म्हणजे हे सगळं. उठाव तर बाजारात मालालाही असतो.

मोडीवाचक: गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापला तो १८५७ च्या बंडाची हकीकत म्हणूनच. १९०९ साली सावरकरांनी त्याच घटनेला स्वातंत्र्यसमर म्हटलं. राष्ट्र ही कल्पना रुजत गेली तसा जुना शब्द तोकडा वाटू लागला. पण १८४४ च्या गडकऱ्याच्या तोंडी हे नवे शब्द घालू नका. त्याचा झगडा गडाचा आणि जमिनीचा होता.

शाईपेन: म्हणजे जमिनीसाठी लढला तो देशासाठी लढलाच नाही? मला हे मान्य नाही. देश जमिनीपासूनच सुरू होतो.

सातपुडा: 'गदर' बघा. मूळ अरबी अर्थ दगा, बेइमानी. १९१३ साली अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी तोच शब्द आपल्या वर्तमानपत्राला अभिमानाने लावला. आपण मात्र बंड निवडणुकीतल्या बंडोबांना देऊन टाकलं.

शब्दवेडी: बंड हे 'बंध'वरून आलं असणार. बंध तोडतो तो बंडखोर.

मोडीवाचक: मग अर्थ बांधणं व्हायला हवा, तोडणं कुठून आलं? खरी अडचण 'खोर'ची आहे. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर, सगळी खोडीची माणसं. 'बंडवाला'त तो डाग नाही. रानवाट, बिनधास्त ठेवा.

शाईपेन: त्यापेक्षा 'विद्रोही' घ्या, शुद्ध तरी आहे.

पुरंदरकर: विद्रोही म्हटलं की साहित्य संमेलन डोळ्यांपुढे येतं, तटावरचा गडकरी नाही.

रानवाट: शीर्षकात 'उठाव' आणि मजकुरात 'बंडवाले' चालेल का?

शाईपेन: नाही चालणार. आणि पुरंदरकर, उमाजींनाही आद्य क्रांतिकारक म्हणतात, मग वासुदेव बळवंतांना काय म्हणायचं?

पुरंदरकर: वासुदेव बळवंत जन्मले १८४५ ला, उमाजी गेले १८३२ ला. आद्य कोण ते तुम्हीच सांगा.