भरतीच्या सरावात नाडीची वही हवी की नको?

मूळ लेख (बीड)
पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यासाठी आमच्या मैदानावर पहाटे पाचला जमणारी बरीच मुले रोज जीव तोडून धावतात, आणि वेळ कमी होण्याऐवजी वाढू लागली की विश्रांती घेण्याऐवजी आणखी दोन फेऱ्या मारतात. माझे मत असे, की प्रत्येकाने दोन नोंदी ठेवाव्यात: जाग आल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी (ती नेहमीपेक्षा चढलेली राहिली, तर शरीर थकव्यातून सावरलेले नसू शकते) आणि सराव संपून अर्धा तास झाल्यावर शून्य ते दहांत दिलेला श्रमाचा आकडा. हा आकडा मिनिटांनी गुणायचा, ही अमेरिकन क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची सरावाचा भार मोजण्याची पद्धत. ६० मिनिटांचा सराव ७ इतका जड वाटला, तर भार ४२०. एका मुलीच्या वहीत मिनिटाला एरवी ५८ असणारी नाडी सलग चार दिवस ६६-६७ दिसली. खोदून विचारले तेव्हा कुठे तिने नडगी दुखत असल्याचे कबूल केले.

प्रतिसाद (परभणी, प्रशिक्षक)
सर, हे पटत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली रात्रभर तळमळलेल्या पोराची नाडी चढलेलीच असणार. शिवाय ज्याला धावायचे नाही तो नऊ लिहील आणि ज्याच्या बापाने क्लासची फी कर्ज काढून भरली आहे तो पाय सुजले तरी चारच लिहील. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून स्टीपलचेसचे (अडथळ्यांवरून धावण्याच्या शर्यतीचे) सुवर्ण घेऊन आले, ते कष्टाच्या बळावर.

मूळ लेखक
कष्टाबद्दल वाद नाही. पण साबळे यांच्या सरावावर राष्ट्रीय शिबिरातले प्रशिक्षक लक्ष ठेवून असतात, आपल्या पोरांवर कोण ठेवतो? उकाड्याचा मुद्दा मात्र खरा आहे. एका सकाळच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये. अतिसराव ओळखणारी एकच एक खात्रीची चाचणी नाही, हे युरोप व अमेरिकेतील क्रीडाविज्ञान संस्थांच्या २०१३ च्या संयुक्त निवेदनातही आहे. म्हणून तर नाडी, झोप, चिडचिड आणि धावण्याची वेळ शेजारी शेजारी ठेवून आठवडाभराचा कल पाहायचा.

प्रतिसाद (लातूर, क्रीडाशिक्षिका)
आपण दोघेही ताटाबद्दल बोलत नाही. रात्री अर्धी भाकरी आणि पहाटे उपाशीपोटी धावणे, अशाने मुलींची पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याच ऊर्जातुटीकडे लक्ष वेधले होते. वहीत पाळीचा रकाना असावा, आणि ती वही बाईंनीच पाहावी.

प्रतिसाद (परभणी, प्रशिक्षक)
मॅडमचा रकाना मान्य. पण माझ्याकडे चाळीस पोरे आहेत, वह्या वाचायला वेळ नाही. मी आठवड्यातून दोन दिवस सर्वांनाच हलके धावायला लावीन, कोणी काहीही लिहो.