'खंडणी', 'तारण', 'धैर्य' : हे शब्द बायबलात नेमके कोणत्या अर्थाने?

शब्दवेडी : बायबलवर्गात मत्तय 20:28 वाचत होते. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "खंडणी? गुंड मागतात ती?" वर्ग खो खो हसला आणि मी अडकले. वर पुन्हा 'तारण'! कर्जाला तारण ठेवतात आणि पाप्याचं तारण होतं, हे कसं?

जुना वाचक : 'तारण'चं आधी. कर्जाच्या तारणाने धनको निर्धास्त होतो, बायबलातल्या तारणाने बुडणारा वाचतो. गोंधळ तेवढाच, संदर्भ आला की मिटतो.

'खंडणी' मात्र खरंच अवघड. मूळ ग्रीक शब्द 'लुत्रॉन', म्हणजे गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला मोजलेली किंमत. मराठीत पूर्वी मांडलिक राजा खंडणी भरायचा, आता गुंड उकळतो. दोन्हींत देणारा दबलेला असतो. इथे तर देणारा आपणहून देतो. म्हणून मला 'मुक्तीचे मोल' जवळचं वाटतं.

आणि त्या मुलाला हसू नका. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने हे मोल सैतानाला दिलं गेलं असं मांडलं. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगोरी हा धर्मगुरू त्यावर उखडला : दरोडेखोराला मोल मिळणार, तेही देवाकडून? तुमच्या मागच्या बाकाने तोच मुद्दा काढला आहे.

पानकिडा : मला 'पुष्कळांसाठी' खटकतं. 1 तीमथ्य 2:6 मध्ये तर सरळ 'सर्वांसाठी' आहे.

जुना वाचक : इब्री बोलण्यात 'पुष्कळ' म्हणजे 'काहीच जण' असं नव्हे; अख्खा समुदायही त्यात येतो. तरी वाद झालाच. 1618-19 च्या डॉर्ट इथल्या प्रोटेस्टंट धर्मसभेने ख्रिस्ताच्या मरणाचं मोल साऱ्या जगाला पुरेल एवढं मानलं, पण त्याचा परिणामकारक लाभ देवाने निवडलेल्यांनाच, असं ठरवलं. मेथडिस्ट पंथाच्या वेस्लीच्या अनुयायांनी ते मानलं नाही. पण 'सर्वांसाठी मोल भरलं' आणि 'सर्व जण तारले जातीलच' ही दोन वेगळी विधानं आहेत. चर्चेत ती सर्रास एकात एक मिसळतात.

शब्दवेडी : आणि 'धैर्य'? प्रेषितांची कृत्ये 4:13 मध्ये पेत्र आणि योहान या येशूच्या शिष्यांचं धैर्य पाहून त्यांची चौकशी करणारे यहुदी सभेतले चकित होतात. हे शौर्य का?

पानकिडा : नाही हो. तिथे मूळ ग्रीक शब्द 'पार्रेसिया' आहे. अथेन्सचा नागरिक सभेत उभा राहून मनातलं सगळं बोलायचा, तो मोकळेपणा. आपल्याकडे 'भीडभाड न ठेवता' म्हणतो ना, तसं. गंमत म्हणजे हे दोघे न शिकलेले आहेत, असंही त्याच वचनात आहे. पुढे 4:29 मधली विश्वासणाऱ्यांची प्रार्थना नीट वाचा. धमक्या बंद कर, असं कुणी मागत नाही. त्या धमक्यांकडे बघ आणि आम्हाला बोलता येऊ दे, एवढंच. पुस्तकाच्या शेवटच्या वचनातही पौल रोममध्ये पहाऱ्यात आहे आणि बोलतोच आहे, तिथेही हाच शब्द.

माझ्या मते सुवार्ता सांगायला लागतं ते हे. आवाज चढवला की 'पार्रेसिया' होत नाही.

शब्दवेडी : आभार. आज वर्गात ग्रेगोरीचं सांगितलं. तो मुलगा खूश झाला. जाता जाता वळून म्हणाला, "मग मोल घेतलं कोणी?"