बेडमधली गांडुळं शेतात का टिकत नाहीत

दादा, तुम्ही गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं उसात सोडली नि महिनाभरात गायब झाली म्हणताय, ते होणारच होतं. बेडमधलं लाल गांडूळ म्हणजे आयसेनिया फेटिडा, ते शेण नि कुजक्या पाल्यात वरच्या वर राहणारं, माती खाऊन खोल बिळं करणारी जात वेगळी. आपल्या रानातली देशी गांडुळं, लॅम्पिटो मॉरिटी वगैरे, ती विकत आणायची गरजच नसते, त्यांना खायला नि ओल मिळाली की येतात आपोआप.

खरा घोळ पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळण्यात आहे. गांडुळांचं खाणंच जाळल्यावर ती राहणार कशी? पाचट सरीत दाबून ठेवा, खाली ओल टिकते, ऊन लागत नाही. वरून सारखा रोटाव्हेटर मारला की बिळंही मोडतात नि गांडुळंही कापली जातात, आणि दोन तुकड्यांची दोन गांडुळं होतात हे अजिबात खरं नाही बरं का. औषधांचंही बघा, कार्बोफ्युरान हे कीटकनाशक तर मारतंच पण कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशकही त्यांना घातक आहे, हे कुणी दुकानात सांगत नाही.

सांगली-कोल्हापूरकडं नदीकाठच्या क्षारपड रानात मात्र आधी निचरा करा, मीठ नि साचलेलं पाणी असेल तिथं नुसत्या पाचटानं काही होणार नाही.

आणि उन्हाळ्यात खणून गांडुळं नाहीत असं ठरवू नका, तेव्हा ती खोल जाऊन गुंडाळी करून पडलेली असतात. चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर फूटभर लांब-रुंद खड्डा काढून मोजा, जाळलेल्या नि न जाळलेल्या दोन्ही रानांत, आणि आकडे इथं टाका.