तीन महिन्यांच्या आयकिडोवर पोरीला सोडायचं?

खानापूरकर:
काल इथं एकानं लिहिलं, ‘मुलींना तीन महिने आयकिडो शिकवा, ताकद लागत नाही, समोरचा कितीही दांडगा असला तरी मनगट पिरगळून लोळवतील.’ वाचून राहवलं नाही. या जपानी युद्धकलेच्या क्लासात काय चालतं बघा. समोरचा सांगून हात धरतो, तोही एकच, आणि धरून तसाच थांबतो. मग कोते-गाएशी, म्हणजे मनगट बाहेर पिरगळायचा डाव, लागते आणि तो आपणहून उडी घेऊन पडतो, कारण नाही पडला तर मनगट दुखावतं हे त्याला ठाऊक असतं. बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर धरणारा थांबतोय होय? तो हिसका देतो, दुसऱ्या हातानं थोबाडीत मारतो, केस धरतो. आयकिडो काढणारे उएशिबा 1915 पासून ताकेदा सोकाकूंच्या हाताखाली दाइतो-र्यू जुजुत्सू ही जुनी झटापटीची विद्या शिकले. उएशिबांच्या जुन्या शिष्यांत ज्युदो आणि केंदो (जपानी तलवारबाजी) मुरलेले कितीतरी जण होते. मार खाऊन, देऊन तयार झालेली माणसं ती. नववीतल्या पोरीला तीन महिन्यांत ते कुठनं येणार?

टिळकवाडी डोजो:
मॅटवर पाय न ठेवता लिहिणारे फार झालेत. टोकियोच्या दंगलविरोधी पोलिसांना उएशिबांचे शिष्य शिओदा गोझो यांच्या योशिन्कान डोजोत, म्हणजे आयकिडोच्या तालमीत, 1957 पासून आयकिडो शिकवतात. ते काय वेळ जात नाही म्हणून येतात? आणि उकेमीचं, म्हणजे न लागता पडायच्या कलेचं, कुणीच बोलत नाही. पावसात चन्नम्मा सर्कलला माझी स्कूटर घसरली. हात टेकला असता तर मनगट गेलं असतं. खांद्यावरून लोळलो, उठलो, गाडी उचलली. आयकिडोनं मला वाचवलंय.

कंग्राळीचा पैलवान:
स्कूटरपासनं वाचवलं, माणसापासनं न्हवं. ते पोलीस महिनोन्‌महिने रोज घाम गाळत्यात, तुमच्यात आठवड्याला दोन संध्याकाळ. आमच्या तालमीत जोर करताना समोरचा कधी सोडत न्हाई. तुम्ही पाय धरून पट काढायला गेला की तो मान दाबतो, घिस्सा डाव मारायला बघतो. सपाट्या मारून मांड्या पेटल्यावर परत लढायचं. आनंदवाडीच्या कुस्ती मैदानात उतरलेल्या पोराला मनगट धरून दाखवा. जपानचं कशाला पाहिजे?

अनगोळची आई:
पैलवानदादा, तुमच्या तालमीत पोरीला घेता काय? मी नेली होती माझीला, गाव सांगत नाही. वस्तादांनी हनुमानाच्या फोटोकडं बोट केलं आणि बायका आत येत नाहीत म्हणाले. पोरगी उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभी होती. परत घालून घरी आली. आयकिडोवाल्यांनी निदान दार तरी उघडलं.

कंग्राळीचा पैलवान:
ताई, ती रीत आमच्या आज्यापासनं चालत आलीय. त्यावर मातीची बदनामी करू नका. मुली आता मॅटवर लढत्यात की. साक्षी मलिकनं 2016 ला रिओतनं कांस्य आणलं.

अनगोळची आई:
रिओतनं आणलं, पण अजून तुमचा उंबरा ओलांडता येत नाही. रीत म्हणे! रात्री ट्यूशनहून एकटी येणाऱ्या पोरीला धरणारा रीत बघतो काय? गावागावातल्या तालमी ओस पडल्यात म्हणून तुम्हीच रडता, आणि अर्ध्या गावाला दारातनं परत पाठवता.

कंग्राळीचा पैलवान:
तोंड सांभाळून बोला. तालीम टिकवायला आम्ही पदरचं घातलंय.
...बरं. आखाड्याचं मी एकटा ठरवत न्हाई. पण ज्या तालमीत मॅट घातलंय तिथं विचारा, तिथं अडवायचं कारणच न्हाई. एवढं मी मानतो.

खानापूरकर:
मूळ मुद्दा राहिला. उकेमी कामाची, हे मान्य, पण स्वसंरक्षण म्हणून पैसे घेता तेव्हा ती पुरत नाही. ज्युदोतनं आलेले उएशिबांचे शिष्य तोमिकी केंजी, त्यांना समोरचा प्रतिकारच करत नाही हेच खटकलं. त्यांनी एकाच्या हातात खोटा सुरा दिला आणि त्याला खरोखर भोसकायला, प्रतिकार करायला मोकळीक दिली. उएशिबांच्या घराण्याला ती स्पर्धा रुचली नाही, तरी तोमिकींनी सोडली नाही. तुमच्या वर्गात असं काही होतं काय, डोजोवाले?

टिळकवाडी डोजो:
नवशिक्यांना नाही. वरच्या पट्ट्यांना रांदोरी, म्हणजे मोकळ्या हल्ल्यांचा सराव, असते, पण त्यातही हल्ला करणारा ओळखीचाच असतो, हे कबूल करावं लागेल. तीन महिन्यांत कुणालाही लोळवशील असं मी कधी कुठल्या पालकाला सांगितलेलं नाही. ते लिहिणारा आमच्यातला नव्हे.

अनगोळची आई:
मग पहिल्या दिवशी ओरडायला आणि हात सोडवून पळायला शिकवा. मनगट नंतर. आणि धरणारा तिच्या ओळखीचा नको, तिच्यापेक्षा जड पाहिजे, आणि त्यानं सोडायचं नाही. तसं करणार असाल तर शनिवारी तिला घेऊन येते.