१६२ मॅचचा सीझन फॉलो करणारं कोणी आहे का इथे? यंदा परत अडकावं की सोडून द्यावं?

कल्याण_फास्ट:
नमस्कार मंडळी, आधीच सांगतो धागा क्रिकेटचा नाही, बेसबॉलचा आहे, शिव्या घालायच्या तर घाला पण उत्तर पण द्या.

झालं असं की आत्येभाऊ सिअॅटलला शिफ्ट झाला आणि त्याने मला तिथल्या मरिनर्स टीमचा नाद लावला. त्यांची घरची मॅच बऱ्याचदा तिकडे संध्याकाळी ६.४० ला असते म्हणजे आपल्याकडे सकाळी ७.१०, आणि माझी लोकल पण साधारण त्याच टायमाची. दादर येईपर्यंत नऊपैकी तीन इनिंग होतात, ऑफिसात पोचून पहिला चहा घेईपर्यंत सातवी. एवढं सोयीचं व्यसन दुसरं नाही. सुरुवातीला स्ट्राइक आणि बॉल पण कळत नव्हतं, जूनमध्ये मी गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने पिचिंग चेंज (म्हणजे बॉलर बदलणं) बघत होतो.

२०२५ चा सीझन ज्यांनी बघितला त्यांना माहितीये. कॅल रॅली, आमचा कॅचर, म्हणजे आपल्या भाषेत विकेटकीपर, रोज उकिडवा बसून बसून वर ६० होमरन (आपला सिक्सच समजा) मारले त्याने, आधी कॅचरचा रेकॉर्ड ४८ चा होता. त्याचं टोपणनाव बिग डम्पर. आई विचारते डेब्रिजवाला का रे, मी हो म्हटलं, खरं कारण आईला सांगण्यासारखं नाही. सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला त्यांच्याच घरी तिन्ही मॅचमध्ये धुतलं, २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन (आमचा गट) जिंकली.

आणि मग दिवाळी. धनत्रयोदशीला उजाडता उजाडता आमच्या सुआरेझने आठव्या इनिंगला ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, एका फटक्यात चार रन) मारला, टोरंटोविरुद्धची सेमीफायनलची सिरीज ३-२, आता एकच जिंकायची आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे फायनल, जिथे हा क्लब जन्मात कधी गेलेला नाही (३० टीममधला एकमेव). नरकचतुर्दशीला उटणं लावून एका कानात इयरफोन, ६-२ ने हरलो. ठीक आहे म्हटलं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सातवी मॅच, आपण ३-१ वर, सातव्या इनिंगला त्यांचे दोन जण बेसवर आणि टोरंटोच्या स्प्रिंगरने भिंतीपलीकडे टाकला. ४-३. हातातली चकली हातातच राहिली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, कोण गेलं म्हणाली.

तर प्रश्न असा की जे लोक वर्षानुवर्षं हे बघताय ते हे झेलता कसं? आठवड्यात सहा मॅच, हरले की माझा अख्खा दिवस जातो, बायको ताटात भाजी वाढण्याआधी स्कोअर विचारते. मार्चअखेर नवीन सीझन आहे. काय करू?

मुलुंडचा_यांकी:
न्यूजर्सीत अकरा वर्षं काढून परत आलोय, त्यामुळे थोडं ज्ञान पाजळतो, सहन कर.

तुझी चूक एकच, तू क्रिकेटच्या हिशोबाने रडतोयस. एकेक हार मनावर घेऊ नको. आयपीएलमध्ये लीगच्या १४ मॅच, चार हरल्या की कॅल्क्युलेटर काढतात लोक. इथे गेल्या वर्षी कप नेणारे डॉजर्ससुद्धा ६९ मॅच हरलेत. ६९! म्हणजे चॅम्पियन टीमचा चाहता पण पाच दिवसांतले दोन दिवस तोंड पाडून बसणार. तिकडे एक जुना हिशोब सांगतात की ५४ मॅच सगळेच जिंकतात, ५४ सगळेच हरतात, उरलेल्या ५४ मध्ये काय करता त्यावर सीझन. (२०२४ चे व्हाइट सॉक्स ४१ जिंकून १२१ हरले, त्यांच्या चाहत्यांसमोर हे बोलू नकोस.)

दुसरं, रोज पिचर वेगळा. पाच जणांची पाळी असते, त्यामुळे काल ९-० ने हरलेली टीम आज तशीच नसते. म्हणून मी मेअखेरपर्यंत टेबल बघतच नाही, बघितलंच तर दिलेले रन आणि काढलेले रन यांतला फरक बघतो, जिंकले-हरलेपेक्षा तो आकडा खरं बोलतो. २०१९ ला वॉशिंग्टन पहिल्या ५० मध्ये १९ जिंकून ३१ हरलेले, सगळ्यांनी हार घातला होता फोटोला, ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज घेऊन गेले. आपली मुंबई इंडियन्स नाही का, २०१५ ला पहिल्या चार हरून कप उचलला, तसंच समज, फक्त सहा महिने लांबवलेलं.

आणि दुःखाचं म्हणशील तर मी २००४ बघितलंय. आमचे यांकीज सिरीजमध्ये ३-० वर, बॉस्टनच्या रेड सॉक्सला अजून एकदा हरवायचं बाकी, आणि लागोपाठ चार हरलो. तेव्हा मी तिकडेच होतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये बॉस्टनवाला कलीग डोनट घेऊन आला होता सगळ्यांसाठी. तुझी चकली काहीच नाही.

गल्लीतला_गावस्कर:
चार तास उभं राहून एक माणूस दांडा फिरवतो आणि हुकतो, आणि यासाठी हा दिवाळीत रडला. शिवाजी पार्कात ये रे, आम्ही फुकटात रडवतो.

मुलुंडचा_यांकी:
चार तास कधीच गेले. २०२३ पासून पिच क्लॉक आहे, बेस रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंदात बॉल टाकावा लागतो, मॅच अडीच-पावणेतीन तासात आटपते. तुमच्या टी-ट्वेंटीचं आता चार तासाकडे चाललंय ते बघा आधी.

टिफिनवाली_ताई:
यांकी काकांचं सगळं पटलं पण ते "मनावर घेऊ नको" नाही पटलं. मनावर घ्यायचं नसेल तर बघायचं कशाला, शेअर मार्केट आहे की. मी न्यूयॉर्क मेट्सची. ऐक आता माझं. २०२५ ला जूनच्या मध्यापर्यंत ४५-२४, अख्ख्या लीगमध्ये टॉपला, मी नवऱ्याला सांगून ठेवलं ऑक्टोबरमध्ये पहाटे मला हाक मारायची नाही. त्यानंतर जी घसरगुंडी लागली ती थेट शेवटच्या दिवसापर्यंत. शेवटच्या दिवशी सिनसिनाटी पण हरलं, म्हणजे जिंकलो असतो तरी पुरे होतं, आणि आम्ही मायामीकडून हरलो. आमचे आणि सिनसिनाटीचे दोघांचे ८३-७९, पुढे जाणार एकच. पूर्वी अशा वेळी एक जादा मॅच खेळवायचे, २०२२ पासून ते बंद, आपसातल्या मॅचचा हिशोब बघतात, त्यात सिनसिनाटी पुढे, आम्ही घरी. स्प्रिंगरचा एक फटका परवडला रे, मला साडेतीन महिने रोज थोडं थोडं सोलून काढलं.

माझी पद्धत सांगते. मेट्सची मॅच आपल्याकडे पहाटे ४.४० ला, तेव्हा लाइव्ह बघणं शक्य नाही, पोळ्या असतात. अॅपमध्ये स्कोअर लपवायचं सेटिंग आहे ते चालू ठेवायचं, मुलीची व्हॅन गेली की चहा घेऊन दहा-पंधरा मिनिटांचा काटछाट केलेला व्हिडिओ बघायचा आणि मग बॉक्स स्कोअर, आपल्या पेपरात स्कोअरकार्ड वाचायचो ना तसं. हरले असतील तर चहाचा कप धुवेपर्यंत वाईट वाटून घ्यायचं, भरपूर. मग संपलं. बुडवून ठेवायचं नाही पण दाबायचं पण नाही. रविवारी मात्र लाइव्ह, आपल्याकडे रात्री साडेदहा-अकराला असते, झोपेचं खोबरं झालं तरी चालतं.

कल्याण_फास्ट:
ताई, बॉक्स स्कोअरचं मस्त आहे, हे कधी सुचलंच नाही.

काका, टेबल नाही बघणार. पण एक सांगा, त्या सातव्या इनिंगचं काय? मुन्योझ बसून होता. आपला सगळ्यात भारी रिलीफ पिचर (मधेच आणायचा बॉलर), मॅच तिथेच अडकलीये, आणि पाठवला बझार्डोला. हे अजून डोक्यातून जात नाही.

मुलुंडचा_यांकी:
हे म्हणजे बुमराला विसाव्या ओव्हरसाठी जपून ठेवायचं आणि मॅच अठराव्यात हरायची. मुन्योझ नवव्या इनिंगचा माणूस, म्हणून त्याला मागे राखून ठेवला, आणि मग वाचवायला काही उरलंच नाही. मी असतो तर त्यालाच आणला असता, सीझनची शेवटची मॅच असू शकते तिथे कसली पाळी बघताय.

टिफिनवाली_ताई:
बझार्डो वाईट नव्हता हो पण. वर्षभर त्याने हेच काम केलं आणि चांगलं केलं. आणि त्याच्याआधी बॉल टाकणाऱ्या बिचाऱ्या वूने एक वॉक (चार वाइडसारखे बॉल, बॅटर फुकट बेसवर), एक सिंगल दिलेलाच होता, बंटने (बॉल हळूच पुढ्यात टाकून) दोघं पुढे सरकले. फटका बसला म्हणून निर्णय चुकीचा, झेल गेला असता तर तोच मॅनेजर हुशार. १६२ मॅच ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्यावर त्या दिवशी टाकायचा नाही?

मुलुंडचा_यांकी:
नाही टाकायचा. ऑक्टोबरमध्ये नाही. हाच तर फरक आहे ना.

बोरिवली_स्लो:
मधेच विचारतो, आपला रिंकू सिंग पण अमेरिकेत बेसबॉल खेळायचा ना? एकदा वाचलेलं.

मुलुंडचा_यांकी:
तो वेगळा रे. हा भालाफेकवाला, यूपीचाच, २००८ च्या एका रिअॅलिटी शोमधून निवडला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने दिनेश पटेलबरोबर साइन केला. मायनर लीगपर्यंत पोचला, नंतर डब्ल्यूडब्ल्यूईत वीर महान झाला. केकेआरच्या रिंकूने मारलेले पाच सिक्स याच्या खात्यात टाकू नका.

कल्याण_फास्ट:
ठरलं. ऑडिओवालं सबस्क्रिप्शन घेतोय, व्हिडिओ तसंही कळवा-मुंब्र्याला गोल गोल फिरत बसतो आणि नेमका तेव्हाच कोणीतरी होमरन मारतो. आणि कॅलेंडर बघितलं, यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तोवर वर्ल्ड सिरीज आटोपलेली असते. आईला सांगितलं, यंदा फराळ शांततेत.

टिफिनवाली_ताई:
दसरा २० ऑक्टोबरला आहे. लीग चॅम्पियनशिप, म्हणजे तुझी ती सेमीफायनल, त्याच सुमारास असते. श्रीखंड लवकर खाऊन घे.